बाळंतिणीच्या खोलीचा एसी

एखादी वस्तू साहेबांची आहे, एवढ्यावरून ती नाकारताना आपण नेमकं कुणाचं नुकसान करतो, हे तुम्ही कधी विचारलंय?

मी विचारलं नव्हतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. वडील युनियनमध्ये, त्यामुळे मी निबंधाआधी पत्रक लिहायला शिकलो. कारखाना एसी घेणार असं कळताच मी लिहिलं, ‘आमच्या घामावर साहेबांना गारवा नको!’ गेटवर पत्रकं वाटली. संचालकांनी खरेदीच रद्द केली. आम्ही गुलाल उधळला.

दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरनी मला दारातच गाठलं.

“या पुढारी! गुलाल धुतलासा, का अजून न्हाय?”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“त्या मागणीत दोन एसी हुते. एक साहेबाच्या केबिनला, एक माझ्या बाळंतिणीच्या खोलीला, गरम हवा देणारा. तू खालची ओळ वाचलीस का?”

वाचली नव्हती. त्यांनी मला आत नेलं. जानेवारीची सकाळ. खाटेजवळ कोळशाची शेगडी, धुरानं खोकणारी आई आणि तिच्या कुशीत कापसात गुंडाळलेलं, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं बाळ.

“शेगडी काढली की पोर गार पडतंय, ठेवली की धूर. उन्हाळ्यात ह्याच पत्र्याखाली भाजून निघत्यात. आता ल्ही की ह्यावर!”

लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, ‘मागच्या पत्रकात माझी चूक झाली.’ ते पत्रकही मीच वाटलं. “आज गुलाल न्हाय व्हय?” गेटवर एकानं टोमणा मारला, पण वाचून झाल्यावर सहीही त्यानंच पहिली केली. सह्यांचा गठ्ठा संचालकांकडे गेला आणि बाळंतिणीच्या खोलीपुरती खरेदी मंजूर झाली.

ऐन वैशाखात सिस्टरना घेऊन मी राजारामपुरीतल्या दुकानात गेलो. खिडकीत बसवायचे तीन एसी मांडलेले. दुकानदार म्हणाला, “हात धरून बघा, नुसता बर्फ!”

“गरम लावा.”

“बाई, ह्या उन्हात?”

“माझी पोरं थंडीत बी जन्माला येत्यात की.”

घामाघूम होऊन आम्ही सगळे उभे. सिस्टरनी माझं मनगट ओढलं, घड्याळ कानाजवळ धरलं आणि डोळे मिटले. टिकटिक ऐकू येईना. “न्हाय, पुढचा.” दुसराही नापास.

“अवो, आवाजाचं काय घेऊन बसलाय? गरम झालं म्हंजे झालं!”

“ल्हान पोराचा श्वास मला खुर्चीवरनं ऐकू आला पायजे.”

दुकानदारानं तिसरा चालू केला. टिकटिक ऐकू आली तशी सिस्टरनी होकाराची मान हलवली. त्याच्या पट्ट्या वर वळत होत्या, म्हणजे झोत थेट खाटेवर येणार नव्हता.

पुढच्या थंडीत त्या खोलीत मी पुन्हा गेलो. शेगडी व्हरांड्यात होती, तिच्यावर अंघोळीचं पाणी. आत एक आई गाढ झोपली होती, कुशीत बाळ. सिस्टरनी ओठांवर बोट ठेवलं. मीही ऐकलं.

तुमच्या जवळच्या दवाखान्यात ह्याच आठवड्यात जा. बाळंतिणीची खोली बघा, तिथल्या सिस्टरना काय हवंय ते विचारा, आणि मग पत्रक लिहा. पण लिहाच.