कोऱ्या पानाची दुरुस्ती

पाणीपुरवठा कचेरीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या त्या गृहस्थाचं खरं नाव हजेरीपटापुरतंच उरलं होतं. सगळे त्याला अपडेटराव म्हणत, आणि तो येताना दिसला की सगळ्यांना एकदम चहाची तल्लफ येई.

त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष? छोटंसं अपडेट आलं की तो टेबलाटेबलापाशी घसा कोरडा करी. "शर्टाचं बटण सैल झालं की आपण लगेच टाका घालतो ना? तसंच हे." लोक माना डोलवत आणि 'नंतर' दाबून मोकळे होत. या खेपेस मात्र साहेबांनी दम भरला होता. शनिवारपर्यंत एक जरी मशीन मागे राहिलं, तरी तुमच्या जागी दुसरा माणूस येणार. लोकांच्या हातापाया पडून अपडेटरावाने सगळी मशीनं उरकली. उरल्या फक्त आवक विभागाच्या बाई.

बाई म्हणजे कचेरीतलं बडं प्रस्थ. स्क्रीनच्या ज्या कोपऱ्यात अपडेटची सूचना येई, तिथे त्यांनी चार वर्षांपूर्वीच कागद चिकटवून टाकला होता. त्यांच्या प्रिंटरमधून अर्जाच्या प्रत्येक पोचपावतीआधी एक कोरं पान निघे. ती पानं कापून बाई त्यांच्या वह्या शिवत, आणि सगळी कचेरी त्या वह्या वापरून बाईंच्या काटकसरीचं कौतुक करी.

"बाई, चोर शिरतील हो मशीनमध्ये!"

"शिरू देत. अर्ज वाचून कंटाळतील नि जातील."

शनिवारी दुपारी चार वाजता अपडेटरावाने हात टेकले. काहीच सुचेना, म्हणून राहिलेल्या अपडेटांची यादी उघडून तो मोठ्याने वाचत सुटला. "घड्याळ मागे पडत होतं, ते सुधारलं. छपाईआधी कोरं पान येत होतं, तो दोष काढला..."

"थांबा. परत वाचा," बाई म्हणाल्या.

त्याने परत वाचलं.

"म्हणजे चूक मशीनची? माझी नाही?"

आपल्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं जातंय, हे चार वर्षं बाईंच्या मनाला खात होतं. ते कुणाला कळू नये, म्हणूनच वह्यांचा सगळा खटाटोप होता.

दहा मिनिटांत अपडेट झालं. पोचपावती एकटीच बाहेर आली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, डोळे पुसले आणि मग त्या उखडल्या.

"कधीची दुरुस्ती ही?"

"तीन वर्षांपूर्वीची."

"तीन वर्षं बटणं नि चोर ऐकवत बसलात! एवढं एक वाक्य वाचून दाखवता आलं नाही?"

नोकरी वाचली होती, तरी अपडेटरावाची मान काही वर होईना.

"बाई, खरं सांगू? ती यादी मीसुद्धा आजच पहिल्यांदा वाचली."