अनुपमाची डिक्शनरी आणि आबांचा सत्कार समारंभ

शिरूरच्या बाजारात माझं पुस्तकांचं दुकान आहे. डिक्शनरी हातावर जोखून घेणारी माणसं मी कायम बघतो. जितकी जाड तितकी चांगली. मग ती शोकेसमध्ये जाते आणि वर्षानुवर्षं नुसती काच पुसली जाते. मला याची चीड येते, पण धंदा म्हटल्यावर तोंड उघडत नाही.

पाबळचे आनंदराव असेच एक जण. एकदा ते सुनेला, अनुपमाला, घेऊन डिक्शनरी घ्यायला आले. ती रांजणगावच्या एका कारखान्यात तयार पार्ट तपासते. तिथं लाईन लीडरची जागा रिकामी झाली होती. खराब पार्टचा रिपोर्ट ज्याला स्वतः इंग्रजीत लिहिता येईल, त्यालाच ती मिळणार होती. महिनाअखेरीला परीक्षा होती.

"मोबाईलवर बघता येतं की," मी म्हणालो.

"काका, माझा साधा फोन हाय, त्योबी गेटवरच जमा करत्यात," ती म्हणाली. "आन् सगळ्यावर 'डॅमेज' लिहून चालत न्हाई. चरा पडलाय, पोचा आलाय का तडा गेलाय, नेमकं लिहावं लागतं."

आनंदरावांनी सगळ्यात जाडजूड ग्रंथ उचलला होता. "ह्यो घे. घरात शोभंल."

"आबा, ह्यो माझ्या पिशवीत डब्याशेजारी बसायचा न्हाई."

तिनं चार पुस्तकं मांडली आणि प्रत्येकात एकच शब्द काढून पाहिला. एकात नुसता अर्थ होता, दुसऱ्यात नुसते जवळचे शब्द. शेवटी तिनं मध्यम आकाराची जोड डिक्शनरी निवडली: वर अर्थ, मग वाक्य, आणि त्याच पानावर खाली जवळचे शब्द. गिऱ्हाईक असावं तर असं! मी खूश झालो.

पण आबा आबाच. "शेठ, चमकीचा कागद लावा. आमच्या गावच्या मंडळाच्या सत्कार समारंभात पाहुण्यांच्या हस्ते देऊ पोरीला."

अनुपमानं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. मी कागद लावला.

पुढं व्हायचं तेच झालं. पाहुणे जिल्ह्याचे पुढारी. त्यांची तारीख मिळेना. एकदा लग्न आडवं आलं, एकदा बैठक. पुस्तक टीव्हीशेजारी फीत बांधून तसंच पडून, आणि परीक्षा जवळ येत चाललेली. सासऱ्याच्या हौसेपुढं ती बोलणार तरी काय?

मग एके सकाळी आनंदराव दुकानात आले. शिरस्त्याप्रमाणे चहा सांगितला, पण कपाला हात लावेनात.

"शेठ, काल सूनबाई भाकऱ्या करत व्हती. म्या पाणी प्यायला गेलो, तर परातीतल्या पिठात बोटानं इंग्रजी लिव्हत बसलेली. लिव्हायची, पुसायची, परत लिव्हायची. म्या इचारलं, काय गं? तर म्हणली, शब्द अडलाय आबा, कार्यक्रम झाला की बघंन." त्यांनी कप बाजूला सारला. "लई वाईट वाटलं. म्याच फाडला कागद."

"बरं केलंत," मी म्हणालो. मनात म्हटलं, लवकर सुचलं म्हणायचं!

"पर मंडळाच्या यादीत तिचं नाव लागलंय, स्टेजवर द्यायला कायतरी पायजे. तेवढ्या मापाचं रिकामं खोकं द्या बांधून."

मी दिलं, वर चमकीचा कागद लावून.

पाहुण्यांची तारीख मिळेपर्यंत परीक्षा होऊन गेली होती. कार्यक्रमाला मीही गेलो. शाल झाली, नारळ झाला, अनुपमाचं नाव पुकारलं. ती आलीच नाही. पुन्हा पुकारलं. मग आनंदराव स्वतःच वर गेले. पाहुण्यांनी खोकं हातात घेतलं आणि ते इतकं हलकं कसं म्हणून त्यांच्याकडं पाहिलं.

आनंदरावांनी माईक ओढला. "साहेब, रिकामंच हाय ते. सूनबाई कामावर गेलीय. लाईन लीडर झालीय ती, आजपासनं. पुस्तक तिच्यापाशी हाय."

टाळ्या सुरू झाल्या. आनंदरावांनी खोकं काखेत मारलं आणि डोळे पुसत स्टेजवरून खाली उतरले.