कमिशनर दिमालांतांचं छप्पर

हेर्मोहेनेस दिमालांतांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी एक अंत्ययात्रा अडवली होती. आमच्या तालाहिबान गावात बास्केटबॉलचं मैदान मधोमध आणि दफनभूमीची वाट त्याला घासून. शवपेटी वळणावर आली, बँड रंगात आला, आणि हे गृहस्थ शिट्टी फुंकत आडवे आले. ती शिट्टी अशी, की तीन गावांतल्या कोंबड्यांनी उभ्या उभ्या अंडी घातली, आणि पेटीतल्या बुर्स्योकाकांनी कूस बदलली असणार, याबद्दल मला तरी शंका नाही.

"बँड बंद! एक मिनिट राहिलंय. फ्री थ्रो चाललाय."

बुर्स्योंच्या बायकोनं, आलिंग (आमच्याकडे मावशीला आलिंग म्हणतात) लुमेननं, डोळ्यांवरचा रुमाल खाली केला. "स्कोअर काय झाला, कमिश?"

"अठ्ठावन्न-सत्तावन्न."

"मग थांबतो. यांची कुठे घाई आहे आता!"

कमिश म्हणजे कमिशनर, गावच्या बास्केटबॉल लीगचे. एकोणीस वर्षं त्यांनी ती चालवली. स्वतः मात्र आयुष्यात एकही बास्केट केली नाही, कारण उंची पाच फूट आणि उडी दोन इंच. त्यांची खरी प्रतिभा चषकांत होती. लीगमधून कुणी रिकाम्या हातानं घरी गेला, असं झालंच नाही. उत्कृष्ट गणवेश, संघापुढे मिरवणारी उत्कृष्ट सुंदरी, उत्कृष्ट टाळ्या. 'सर्वात शांत राखीव खेळाडू' हा चषक मी सलग तीन वर्षं पटकावला. प्रत्येक चषकावर विजेत्याचं नाव मुंगीएवढं आणि 'हे. दिमालांता' बैलाएवढं. त्यामुळे ते बरांगाय कॅप्टनच्या, म्हणजे सरपंचपदाच्या, निवडणुकीला उभे राहिले, तेव्हा घरोघरी बाळयेशूच्या शेजारी त्यांचं नाव आधीच बसलेलं होतं. प्रचार एवढाच केला: "चषक जरा पुसून ठेवा." दणकून निवडून आले. कमिशचे 'काप', म्हणजे कॅप्टन, झाले.

कापना एकच ध्यास होता: मैदानावर छप्पर. पावसानं फायनल बुडाली की ते घरात मयत झाल्यासारखे जेवायचे नाहीत. दोन वर्षं त्यांनी प्रांताच्या कचेरीचे उंबरे झिजवले, साहेबांना खारवलेली बदकाची अंडी पोचवली, आणि शेवटी छप्पर आणलं. हिरवे पत्रे, लोखंडी कमानी, आणि दोन्ही बास्केटच्या फळ्यांवर स्वतःचा हसरा चेहरा, म्हणजे नेम चुकला की चेंडू नाकावर.

उद्घाटनाला डुक्कर भाजलं. काप गरजले, "यापुढे तालाहिबानात पावसानं एकही सामना थांबणार नाही!" हाफपँट घातलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बायका नुसत्या वर बघत राहिल्या.

कारण गावात सिमेंटची सपाट जमीन तेवढीच होती. सुगीत लीग बंद ठेवून सगळं गाव तिथेच भात वाळवायचं. कुणाची पाळी कधी, याचा तक्ता एकोणीस वर्षं कोण करत होतं? कमिश!

सुगी आली ऑक्टोबरात आणि पुढची निवडणूक त्याच महिन्याच्या अखेरीला. चौथ्या दिवशी आलिंग सेपा मूठभर भात घेऊन कचेरीत आली.

"काप, मोड आलेत."

"पण भिजलं नाही ना? थेंब येत नाही आत!"

"थेंब येत नाही तसं ऊनही येत नाही. आता वाळवू कुठे, तुमच्या टकलावर?"

"हायवेवर घाला की, सगळे घालतात."

"घातलं होतं. वरून बस गेली. ड्रायव्हर म्हणतो, आजी, टायरमधलं पण काढून घ्या."

काप दोन रात्री झोपले नाहीत. छप्पर काढावं तर प्रांताची परवानगी, ती पुढल्या सुगीपर्यंत मिळाली तर नशीब. शिवाय खेळाडू दम देऊन गेले, "काप, छप्पर उतरवलंत तर आमची मतं विसरा." शेवटी कापनी स्वतः शिडीवर चढून मधले दोनच पत्रे काढले. खाली चटईएवढं ऊन पडलं. ते सरकायला लागलं, तशा तीस बायका सुपं घेऊन त्याच्यामागे सरकायला लागल्या. सवयीप्रमाणे काप मधोमध उभे राहून शिट्टी फुंकत होते. "तीन मिनिटं झाली! पुढचं घर! आलिंग सेपा, ढकलाढकली नको, फाऊल देईन!"

"दे की! तुला मत कोण देतंय बघते मी!"

चार वाजता पाऊस आला आणि बरोबर त्या भोकातून आत आला. भात भिजलं, मैदान भिजलं. छप्पर आहे म्हणून यंदा सुगीतही चालू ठेवलेल्या लीगची संध्याकाळची फायनल रद्द झाली.

आलिंग सेपाचा जावई रोदेल कापच्या विरुद्ध उभा होता. त्याचा जाहीरनामा एका ओळीचा होता: 'मी काहीही बांधणार नाही.'

त्याला चारशे सहा मतं पडली, दिमालांतांना एकशे अठ्ठ्याऐंशी. ते आता मुलीकडे काबानातुआनला राहतात. सकाळचा पाव आणायचं काम त्यांच्याकडे आहे.