मंगळावरची कच्ची पोपटी

आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काय केलं, तर कच्ची पोपटी खाल्ली.

पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरायचे, भांबुर्ड्याच्या पाल्याने तोंड गच्च बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाय. पेणपासून रोह्यापर्यंत थंडीत शेताशेतात हेच चालतं. आमच्याकडे लावायची तिने आणि खायची मी, हे लग्नापासून ठरलेलं.

पण चुलीच्या धुराने तिची फुप्फुसं गेली. नाकात नळी आली, पडवीत ऑक्सिजनचं मशीन घरघरायला लागलं. मी रोह्याला कंपनीत ऑक्सिजनचे सिलिंडर भरण्यातच जन्म काढला. ऑक्सिजनजवळ जाळ नेला तर काय होतं ते मला माहीत होतं. म्हणून घरात पोपटी बंद. ती म्हणायची, एकदा तरी लावा. मी म्हणायचो, गप बस.

त्या दिवशी सुनेने मोबाईलवर दाखवलं की मंगळावर एक पेटीएवढं यंत्र नेलंय आणि त्याने तिथे ऑक्सिजन तयार केला. झाला एवढासाच, पण झाला. पुढे माणसं राहायला गेली की त्यांना असाच पुरवायचा.

"तिथे सगळ्यांच्या नाकात नळी," ती म्हणाली. "मग मला कोण हसणार नाय."

मी सांगायला गेलो की तुझं मशीन इथल्या हवेतला ऑक्सिजन नुसता निवडून देतं. तिथल्या हवेत तो मोकळा नाहीच, कार्बन डायऑक्साइडमध्ये अडकलेला आहे. ती हवा भट्टीसारखी तापवायची, मग तो सुटतो.

"म्हंजे पोपटीच की. पाणी नाय, नुसती आच."

आमच्या सायबाने एवढं सोपं करून कधी सांगितलं नव्हतं.

तिने मला तिथेच धरलं. "अवो, माणसं मंगळावर निघाली, नि तुमी मला दारातली पोपटी खाऊ देत नाय."

मूठभर भुसा उडवून वारा बघितला. गोठ्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला मडकं लावलं. ती पडवीत खुर्चीवर, मशीनला चिकटून. तिथून तिचे हुकूम सुरू. पेंढा कमी घाला, डावीकडून विझतंय, मिठाचा हात आखडलात ना? मडकं दिसत नव्हतं तिला, गोठ्यावरून चढणाऱ्या धुराच्या रंगावरून बोलत होती. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज गोठ्यापर्यंत पोचला होता.

मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजून लगेच सुकलं पाहिजे, मग पोपटी झाली. ती म्हणाली, अजून नाय. मला भूक लागलेली. मी म्हटलं, झाली, आणि काढली.

वरच्या शेंगा शिजलेल्या, मधल्या करकरीत. तिने एक दाणा चावला, माझ्याकडे बघितलं आणि हसत सुटली. हसता हसता दम लागला, तरी थांबेना.

"मंगळावर अशीच होणार," म्हणाली. "तिथे सांगायला मी नाय ना."

आम्ही सगळी संपवली. करकरीत शेंगांसकट.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून झोपली ती उठलीच नाय. संध्याकाळी तिला नदीवर नेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन पुसलं, जाळी धुतली, नवी नळी जोडली आणि रिक्षात घातलं. नागोठण्याला माझा शिफ्टमधला जुना दोस्त दम्याने खाटेला खिळलाय, त्याची पोरं गल्फला. मुलगा म्हणाला, बाबा, सुतकात कुठे चाललात?

"सुतक मला हाय," मी म्हटलं. "मशीनला नाय."

दोस्ताच्या नाकात नळी बसवली. मशीन लावलं, ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणारी काचेतली गोळी दोनवर आणली. त्याचे ओठ जरा लाल दिसेपर्यंत बाजूला बसून राहिलो. भाभीने चहा आणला. तो प्यालो.