फिक्या भाताचं मीठ

मुलांनो, तुमच्या वडिलांना डॉक्टरांनी भात, बटाटा आणि साखर बंद केली आणि तेव्हापासून त्यांना जेवण खारट लागतं, असं तुमच्या आईने कळवलं आहे. तिच्या मते तुमच्याकडचं, आफ्रिकेतलं मीठच जास्त खारट आहे. तसं काही नसतं. हीच चूक आपल्या कल्याणच्या घरात पूर्वी होऊन गेली आहे. ती निस्तरताना मला जे ऐकावं लागलं ते मी अजून विसरलेले नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

मी लग्न होऊन आले तेव्हा मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, मामलेदार कचेरीत कारकून होते. त्यांना मधुमेह निघाला. ठाण्याच्या डॉक्टरांनी भात, गूळ आणि बटाटा वर्ज्य केला. मासे, अंडी आणि पालेभाजी खायला सांगितली. सूचना इंग्रजीत होत्या, म्हणून मी वाचून दाखवल्या. तेवढ्यावरून घरात ठरलं की भात मीच बंद केला.

"सासऱ्याच्या पानातला भात काढायला शिकवतात वाटतं तुमच्या शाळेत," सासूबाई म्हणाल्या. हे त्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला ऐकवत.

मामंजी भाताऐवजी कालवणच वाटीवाटीने पिऊ लागले आणि त्यावर तांब्याभर पाणी. हळूहळू त्यांचे पाय सुजले, जोडे चढेनात. कचेरी लांब होती. चालणं थांबलं तर नोकरी जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. सासूबाईंना त्यात फक्त माझं इंग्रजी दिसत होतं.

आपल्याकडे भात फिका, बिनमिठाचा शिजतो. कालवणात मीठ घालणारा हात त्या भातासकट अंदाज धरतो. भात गेला, हात तोच राहिला. चाखून बघायचीही सोय नव्हती. पुरुषांची पानं होण्याआधी जिभेला लावलं की ते उष्टं. डॉक्टरांना पुन्हा विचारलं, तर त्यांनीही सूज आहे तोवर मीठ कमी करा असंच सांगितलं.

"सासूबाई, कालवणात मीठ निम्मं घाला," मी म्हटलं.

"अळणी सुतकात जेवतात. आपल्यात कोण मेलंय गं?"

"त्यांच्या पानात भात नाही. मग भाताच्या वाटचं मीठ कशाला?"

"भातात कधी मीठ घातलं होतं मी? एवढी बुकं वाचलीस, चुलीपुढचं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली. "घे. माझ्या हाताला आता अक्कल राहिली नाही. त्यांनी पान ढकललं तर पुढे तू उभी राहा."

मी निम्मं मीठ घातलं. मामंजींनी एक घास घेतला आणि थांबले. "हे कालवण आहे की मासे धुतलेलं पाणी?"

"सुनेला विचारा. मीठ तिच्या ताब्यात आहे."

सुनेशी ते थेट बोलत नसत. भिंतीकडे बघत म्हणाले, "घरातलं मीठ संपलं असेल तर ठाण्याच्या खाडीवर ढीग पडलेत म्हणावं."

मी दाराआडून म्हटलं, "जोडे चढले की वाढवीन."

सुनेने असं उत्तर देण्याची त्या घरात रीत नव्हती. सासूबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मला वाटलं, आता माहेरी धाडतात. मामंजींनी मात्र वाटी संपवली. पुढे कित्येक दिवस ते रोज काहीतरी लागट बोलत आणि रोज वाटी संपवत.

सूज उतरली. एका सकाळी त्यांनी पायरीवर बसून जोडे चढवले आणि कोणाकडे न बघता कचेरीला निघाले. सासूबाईंनी देवीची ओटी भरली. मला कुंकू लावलं.

जोडे चढले तरी मी मीठ वाढवलं नाही, कारण पानात भात परत आला नव्हता. बरणी त्यांनी परत मागितली नाही आणि मी दिली नाही. त्या असेपर्यंत स्वयंपाक त्यांनी केला आणि शेवटी मीठ मी घातलं, बहुतेक दिवस एकमेकींशी न बोलता.

तुमच्या आईला सांगा, पानात भात नसेल तर कालवणात निम्मं मीठ. ती बरणी अजून आहे. तिचं झाकण फुटलं, त्यावर पितळी वाटी ठेवते. आणि या घरात अजूनही स्वयंपाक एक बाई करते, मीठ दुसरी घालते: आता स्वयंपाक तुमची काकू करते आणि मीठ मी.