थोरलीचे गुडघे

गल्लीत सगळ्यांची ती मामी आणि म्हणून तिचा नवरा मामा. मामा बेकरीच्या भट्टीवर कामाला. संध्याकाळी जायचा तो उजाडता उजाडता पिठाने पांढरा होऊन परतायचा. माणूस मुळातच घुमा, 'हं' आणि 'बरं' यांवर संसार रेटणारा. त्याला नाद एकच, टीव्हीवरच्या त्या तीन बहिणींच्या मालिकेचा. आणि ती नेमकी लागायची तो भट्टीपुढे असताना. म्हणून सकाळी चहाबरोबर मामी त्याला आदल्या दिवशीचा भाग सांगायची, हातवारे करून, आवाज बदलून. तेवढा वेळ मामा माणसात असायचा.

मग मालिका अर्ध्यातच बंद पडली. दुसऱ्या सकाळी मामी तसं सांगणारच होती. पण मामाने कप तोंडाला लावायच्या आत विचारलं, "मग? थोरलीने दार उघडलं का?" त्याचा तो चेहरा बघून मामीच्या तोंडून निघून गेलं, "उघडलं की!"

ते दार वर्षभर उघडंच राहिलं. मामीने धाकटीचं लग्न लावून दिलं, तोंडाळ भाडेकरूला खुशाल मारून टाकलं. काही सुचलं नाही की घरातलंच घ्यायची. थोरलीचे गुडघे धरले. थोरलीला भावाच्या आठवणीने रडू फुटलं. त्याच वर्षात मामालाही काय काय सुचायला लागलं. कोणी न सांगता त्याने ओट्यापुढे बसायला उंच स्टूल आणलं, रजा काढून तिला भावाकडे नेऊन आणलं. उशिरा का होईना, शहाणपण आलं, असं मामी शेजारणीला कौतुकाने सांगायची.

आणि एक दिवस बातमी आली, मालिका सोमवारपासून पुन्हा सुरू! गल्ली खूश, मामी मात्र धास्तावली. त्यात मामाला नेमकी दिवसपाळी मिळालेली. आता मेलेला भाडेकरू उठून बसणार आणि आपलं बिंग फुटणार. फुटलं तर फुटू दे. रागावेल, दोन दिवस फुगून बसेल. पण पुढे या माणसाशी बोलायचं काय?

सोमवारी मामा केसबिस विंचरून टीव्हीपुढे बसला. मामी मागे, स्टुलावर. सुरुवातीलाच भाडेकरू टुणटुणीत! मामीने डोळे मिटून घेतले. मग थोरली धडाधडा जिना चढून गेली.

"हिचे गुडघे दुखतात ना?" मामा म्हणाला.

मामीचा धीर सुटला. "अहो, ती बंदच पडली होती. मी आपलं मनानेच..."

"ठाऊक आहे. बेकरीत पहिल्याच आठवड्यात कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू थांबली असतीस." मामा पडद्याकडे बघतच बोलत होता. "तुला विचारलं की तू म्हणतेस, काही नाही, मी बरी आहे. थोरलीचं तरी खरं कळायचं."

एवढं बोलणं त्याने जन्मात एका दमात केलं नव्हतं. त्याने टीव्ही बंद केला आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"ही नको. आपली सांग. थोरली कशी आहे आता?"

मामीने डोळे पुसले.

"बरी आहे. पण नवऱ्याची पाळी बदललीय ना, सकाळच्या चहाला तो नसणार, म्हणून जरा हिरमुसलीय."

मामा उठला आणि चहाचं आधण ठेवायला आत गेला.