गेमविषयी बायकोचं मत

रविवारी माझी मुलगी मुक्ता आणि जावई निखिल यांचं एका व्हिडिओ गेमवरून चांगलंच वाजलं. त्यात एका योद्ध्याला घेऊन अफाट मुलखात वाटेल तिकडे फिरायचं असतं.

"ना गोष्ट, ना शेवट. नुसतं भटका!" निखिल वैतागला.

"तेच तर सुख आहे," असं म्हणत मुक्ताने रिमोट माझ्या बायकोच्या हातात दिला. "आई, तूच खेळून सांग."

पडद्यावर एक गावकरी हरवलेली गाय शोधून द्या म्हणून गयावया करत होता. बायकोने योद्ध्याला त्याच्या शेजारून सरळ पुढे नेलं आणि तळ्याकाठी बसवलं.

"अहो आई, गाय शोधा, बक्षीस मिळतं!" निखिल म्हणाला.

"त्याची गाय, त्याने शोधावी. या घरातले मोजे आणि किल्ल्या जन्मभर मीच शोधल्या. मी आता तळं बघणार."

कुणाला शेवट हवा असतो, कुणाला वाट. एखाद्याला मात्र एवढंच हवं असतं, की कुणी काम सांगू नये. तळ्यावर संध्याकाळ उतरली, तशी बायको सोफ्यावर पाय वर घेऊन आणखी निवांत बसली.

मला बाहेर जायचं होतं आणि छत्री सापडत नव्हती. मी गुपचूप भिजत गेलो.